रविवारी नया

लाकडी घर क्रमांक चार
मंगळवार, दि. ७

चि. खोडरबर हिस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी बोलतेय आणि लिहितायत इथले राखणदार. आधी पस्तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं, म्हणून मी त्यांना टपालवाले म्हणते. पत्राची सगळी शिस्त त्यांना पाठ. पहिल्याच ओळीला अडले. नावामागे कुमारी घालू की सौभाग्यकांक्षिणी, म्हणाले. मी म्हटलं, तेच मलाही कळायचंय, ती तोंड उघडेल तेव्हा घालू, तूर्त चिरंजीव पुरे. 'खोडरबर' लिहायलाही हात उचलेना. मग सांगितलं, छापखान्यात मुद्रितं तपासते, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते, आणि शाळेत होती तेव्हा खोडरबर चावून खायची. तेव्हा कुठे लिहिलं.

शनिवारी आपण दोघी या रानात आलो. पंधरा दिवस ना माझा टीव्ही ना तुझा फोन, नुसत्या गप्पा, असं तूच ठरवलेलं. फाटकाशी फोन पत्र्याच्या डब्यात ठेवायचा होता, तो तू ठेवायच्या आधीच वाजला. छापखान्याला आग लागल्यासारखी तू परत फिरलीस. परवा येते म्हणालीस. तो परवा काल होऊन गेला. आणि आपल्याला गाडीतून सोडायला आलेला तो चष्मेवाला, ज्यानं माझा चष्मा करून दिला तोच ना? दुकानात त्याची जीभ टाळ्याला लागत नाही. माझ्यासमोर त्याची वाचा कुठे जाते?

घर चांगलं आहे. तक्रार करायला काही ठेवलेलं नाही, हीच तक्रार. नळाला हवं तेव्हा गरम पाणी. लोखंडी शेगडी, धूर नळीतून परस्पर बाहेर. गादी इतकी मऊ की उठताना कुणीतरी हात धरून ओढावं लागतं, आणि कुणी नाही. जेवण टोपलीतून दाराशी येतं, वाजवतात आणि निघून जातात. पाहुण्यांशी बोलायचं नाही असा इथला नियम. शेजारच्या घरात एक जाडे गृहस्थ आहेत. काल समोरून लंगडत चालले होते, म्हणून गुडघा कसा आहे एवढंच विचारलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणे इथे सगळे शांततेसाठी येतात. मला ती मुद्दाम आणून द्यायची काय गरज होती? तू कामाला गेलीस की घरी मुबलक असते.

खिडकीशी दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर मी टोपली ठेवते, नाहीतर सारखी नजर जाते.

टीव्हीची आठवण येते का म्हणशील, तर येते. संध्याकाळी सात वाजता निळ्या कोटातली ती बातम्यावाली माझ्याकडे बघून नमस्कार म्हणते. दिवसभरात मला नमस्कार करणारी ती एकटीच. इथे सात वाजले की खिडकीबाहेर एक सुतार पक्षी खोडावर डोकं आपटतो. तो बातम्या देत नाही.

हात रिकामे राहवत नाहीत. रजयांच्या खोळींची बटणं बघितली, कुणीतरी नुसती अडकवून ठेवलेली. एकतीस वर्षं शिंप्याच्या कारखान्यात मी काजं केली, बटणं लावली. असलं काम मला बघवत नाही. सगळी उसवून परत लावली.

पत्र मीच लिहिलं असतं, पण माझी शाळा दुसरीत सुटली, जोडाक्षरं सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात. वाचायला अडत नाही, टीव्हीच्या खालच्या पट्ट्या वाचून वाचून सवय झाली. लिहायला फक्त सुटी अक्षरं येतात. तरी शेवटी माझ्या हातची एक ओळ घालते, म्हणजे हे पत्र मीच पाठवलंय याची तुला खात्री पटेल. ती ओळ लिहिताना टपालवाले तोंड फिरवून बसतात. दुसऱ्याचं टपाल जन्मात वाचलं नाही म्हणतात.

कळावे. लोभ असू दे, आणि परवा म्हणजे नक्की कितवा ते कळवणे.

आजी

गोळया घेते. चषमा उशीखाली सापडला. तू जेव.


घर
बुधवार, दि. ८

ती. आजीस खोडरबरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी छापखान्यातच मिळालं. तू रागावली आहेस हे पहिल्या ओळीत कळलं आणि बरी आहेस हे शेवटच्या ओळीत. अक्षर ओळखलं. चष्मा उशीखाली कसा गेला?

इथे तिसरीच्या गणिताच्या पुस्तकाचा गोंधळ झालाय. उत्तरांची पानं एका इयत्तेची आणि गणितं दुसऱ्या इयत्तेची, अशी छपाई सुरू झाली होती. छपाईला मंजुरीची मी सहीच केलेली नव्हती, तरी निस्तरायचं माझ्यावर आलं. रोज दोनशे पानं नजरेखालून घालते. घरी येते तेव्हा अक्षरं भिंतीवर चालताना दिसतात. मग सातला तुझा टीव्ही लावते. तुझी बातम्यावाली काल हिरव्या कोटात होती. मला तिनं नमस्कार केला, पण माझ्याकडे बघून नाही, असं वाटलं.

आजी, छापखान्याचं खरं आहे, पण ते निम्मंच. मी फोनवर नंतर येते म्हणू शकले असते. पळाले. तिथे निवांत बसून तुला एक गोष्ट सांगायची होती, म्हणूनच तो सगळा घाट घातला होता, आणि फाटकाशी पोचल्यावर माझा धीरच गळाला. लिहिताना तू समोर नसतेस, म्हणून लिहिते.

चष्मेवाला आणि मी लग्न करायचं म्हणतोय. त्यानं दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान घेतलंय, इथून दिवसभराच्या वाटेवर. खाली दुकान, वर तीन खोल्या. त्यातली उगवतीच्या खिडकीची तुझी. तुझा पलंग बसतो की नाही ते त्यानं मोजून आणलंय. आपलं घर सोडून मी कुठेही जाणार नाही, गेले तर चौघांच्या खांद्यावरून, असं तू म्हणतेस ते मला माहीत आहे. त्याला माहीत आहे म्हणूनच तो तुझ्यासमोर गप्प होतो. मी चार वर्षांची असल्यापासून तू मला एकटीनं वाढवलंस. तुला मागे ठेवून मी जाणार नाही, हेही त्याला सांगून ठेवलंय.

तो अठरा तारखेला, शनिवारी सकाळी सामान घेऊन निघतोय. त्याआधी या रविवारी आम्ही दोघं तुला न्यायला येऊ का? तिथेच समोरासमोर बोलू. तुला त्याचं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव. मग आम्ही येणार नाही, एकोणीसला मी एकटीच येईन, आणि हा विषय घरात पुन्हा निघणार नाही. दोन शब्दांत कळवलंस तरी चालेल.

तुझी माया आहे तशी राहो, एवढंच मागते.

तुझी
खोडरबर


लाकडी घर क्रमांक चार
शुक्रवार, दि. १०

चि. खोडरबर हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. तू एवढं लांब लिहू शकतेस हे मला ठाऊक नव्हतं. घरी तर हो, नाही आणि उशीर होईल यापलीकडे तुझं काही ऐकू येत नाही.

माझ्या मागे पलंग मोजत फिरणाऱ्याला विचार, मी काय कपाट आहे? बाकी तू जे विचारलंस त्याचं उत्तर टपालवाल्यांच्या हातून द्यायचं नाही. माणूस सज्जन आहे, पण आपल्या घरातली गोष्ट आपल्या घरात. खाली मीच लिहिते. दोन शब्द म्हणालीस, दोनच लिहिते.

इथे थंडी वाढली. काल स्वयंपाकघरातल्या बाईनं टोपली ठेवताना मला काही हवं का विचारलं, चक्क आवाज काढून. मग नियम आठवून स्वतःच दचकली.

कळावे, जो लोभ आहे तो सांभाळून ठेवणे.

आजी

ता. क. पुढील ओळ आजींनी स्वहस्ते लिहिली असून मी ती पाहिलेली नाही. राखणदार.

रविवारी नया.


लाकडी घर क्रमांक चार
सोमवार, दि. १३

चि. खोडरबर हिस आशीर्वाद.

काल मी सकाळी सहाला उठले. अंघोळ केली, ठेवणीतले कपडे घातले, पिशवी भरली. रविवारी तीन माणसं जेवायला आहेत म्हणून स्वयंपाकघरात आधीच सांगून ठेवलं होतं. शेगडीजवळ तीन कप मांडले. आठ वाजता काठी घेऊन पायरीवर बसले.

नऊला दुधाची गाडी आली. साडेदहाला जाडे गृहस्थ आपली ट्रंक घेऊन गेले. जाताना मात्र थांबले आणि गुडघा बरा आहे म्हणाले. इतक्या दिवसांचं उत्तर जाताना देऊन गेले. त्यानंतर कुणी आलं नाही. तीन ताटं आली, दोन झाकून ठेवली. ऊन पायरीवरून खाली उतरलं, झाडांत गेलं. मी गाडीच्या आवाजाला इतके कान दिले की वारा आला तरी पिशवी उचलायचे.

दिवे लागायच्या सुमारास टपालवाले लाकडं घेऊन आले. लाकडं भरपूर होती. तसं सांगितलं तर हो म्हणाले आणि खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, कधीकधी गाड्या बिघडतात. मी म्हटलं, हो, कधीकधी.

मग तिन्ही कप धुतले. एकच वापरलेला होता.

तुझी आई गेली त्या वर्षी मी तुला पहिल्यांदा शाळेत सोडलं, तेव्हा सुटायच्या वेळेआधी तासभर फाटकाशी उभी असायचे. तुला ताटकळावं लागू नये म्हणून. सांगायचं एवढंच की वाट बघायची मला सवय आहे, पण ती कुणीतरी यायची असते.

यायचं नव्हतं तर विचारायचं नव्हतं. मी काय लिहिलं होतं ते तुला वाचता आलं असेल. लिहायला मला किती वेळ लागला ते तुला ठाऊक नाही.

लोभ आहे की आटला तेवढं कळवणे.

आजी


घर
मंगळवार, दि. १४

ती. आजीस शि. सा. न.

तुझं उत्तर शनिवारी संध्याकाळी मिळालं. लगेच लिहायला घेतलं होतं, जमलं नाही. आजही जमेलसं वाटत नाही, पण लिहिते.

'रविवारी न या.' मुद्रित तपासतात तसं मी ते वाचलं, शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेका अक्षरावर बोट ठेवून. कुठे काही राहिलंय का, पुसलं गेलंय का, ते बघितलं. काहीच नव्हतं. घरी तू 'येऊ नकोस' म्हणाली असतीस, वर दोन शिव्या दिल्या असत्यास, आणि मला चाललं असतं. हे 'न या' पाटीवरच्या सूचनेसारखं होतं. आणि 'या' म्हणजे दोघांनाही. मी विचारलेलं तेच होतं, तू सरळ उत्तर दिलंस, म्हणून तक्रार नाही.

त्यानं गाडी धुऊन ठेवली होती. तुझ्या पाठीला म्हणून एक उशी आणली होती. मी त्याला ती परत न्यायला लावली. तो चष्म्याची काच पुसत बसला, पुसून झालेलीच.

शुक्रवारी संध्याकाळी त्याला स्पष्ट सांगते, की तू एकट्यानं जा. तो शनिवारी निघेल. रविवारी, एकोणीसला, मी एकटी तुला घ्यायला येते. घरी सगळं पूर्वीसारखं असेल. मी रागावलेली नाही, असं समज. फक्त हल्ली सातला टीव्ही लावत नाही. लावला की तुझ्या रिकाम्या खुर्चीशी कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

लोभ कमी झालेला नाही. तो आहे म्हणूनच.

खोडरबर


लाकडी घर क्रमांक चार
गुरुवार, दि. १६

चि. खोडरबर, अग बये, आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी आलं. वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि मग टपालवाल्यांना हाक मारली ती फाटकापर्यंत गेली असेल. सगळा नियम मोडून ते पळत आले. त्यांना घरातली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. आता लाज ठेवून काय करायचंय?

न या कोण म्हणालं? मी न्या म्हणाले. न्या! घेऊन जा! मला न ला या जोडता येत नाही, हे मी तुला पहिल्याच पत्रात सांगितलं होतं. गोळया लिहिलं ते तुला गोळ्या वाचता आलं. चषमा लिहिलं तो चष्मा वाचता आला. वर उशीखाली कसा गेला म्हणून विचारलंस. आणि नया आलं तिथे मधे जागा घातलीस. मी जागा सोडली होती का? कागद काढून बघ. अक्षरं एकमेकांना चिकटून बसलीत. तुझा धंदाच शब्दांत जागा घालायचा, तो माझ्यावर चालवलास. मी नाही म्हणणार असं तू आधीच धरून बसली होतीस, म्हणून तुला नाही दिसलं. मोठी मुद्रितं तपासणारी.

आणि डोकं चालव जरा. तुला एकटीला सांगायचं असतं तर 'ने' म्हटलं असतं. ते मला लिहिता येतं, त्यात काही जोडायचं नाही. न्या म्हटलं ते दोघांना. तुझ्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्यातच होतं. मला वाटलं, पोरीला कळेल, वर माझी अक्कल बघून हसेल. म्हणून दिवसभर पायरीवर बसले. सोमवारचं पत्र मी टपालवाल्यांना दुधाच्या गाडीत टाकू दिलं नव्हतं, ते सोबत आहे. वाच, म्हणजे तुला जेवण जाणार नाही. मलाही गेलं नाही.

चूक माझीही आहे. टपालवाल्यांना तोंड फिरवायला लावलं नसतं तर त्यांनी तिथल्या तिथे सुधारलं असतं. बिचारे सकाळपासून कपाळाला हात लावून बसलेत. म्हणतात, पस्तीस वर्षं कुणाचं वाचलं नाही याचा अभिमान होता.

घर सोडणार नाही म्हणायचे, ते खरं होतं. पण इथे तेरा दिवस एकटी राहून बघितलं. घर म्हणजे काय ते कळलं. गरम पाणी आहे, गादी आहे, खिडकी आहे, आणि दुसऱ्या खुर्चीवर टोपली. तू गेल्यावर आपलं घरही असंच असणार. फक्त टीव्ही जास्त.

त्या चष्मेवाल्याला सांग, पलंग मोजलास ते ठीक, टीव्हीची जागा मोजली का? मला सातला बातम्या लागतात. आणि माझ्यासमोर बोलायचं. मी खात नाही. मुक्यानं बसायचं असेल तर याच रानात एक घर घे म्हणावं. शनिवारी सकाळी सामान घेऊन निघतोय ना, मग रानाकडून वळसा घालून जा. उशी गाडीत असू दे.

उद्याच्या दुधाच्या गाडीनं पत्र गेलं तर शुक्रवार टळून जायचा आणि तू त्याला काहीतरी बोलून बसायचीस. म्हणून टपालवाले स्वतः घेऊन निघालेत. नोकरी सुटल्यापासून हे पहिलंच टपाल, म्हणाले. त्यांच्या कोटाला तीन बटणं नव्हती, ती लावून दिली आहेत. त्यांना चहा दे आणि बसवून घे. त्यांच्याशी बोल. इथे त्यांच्याशी बोलणारं कुणी नसतं, आणि शनिवारनंतर मीही नसेन.

निघायच्या आधी त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. न ची काठी काढून घ्यायची. मग त्याला एकट्याला उभं राहता येत नाही, तो शेजारच्याला टेकतो. झालं जोडाक्षर. एवढंच होतं. सगळा जन्म मला वाटत राहिलं, काहीतरी फार अवघड असणार. पाटीवर चाळीस वेळा गिरवलं. पुढचं मी लिहिते.

खोडरबर,
टपालवाले आज तोंड फिरवत नाहीत, बघत बसलेत. मी रागावले नाही. तुझा चषमेवाला घाबरट आहे पण पाठीला उशी आणतो, ते मला आवडलं. शनिवारी सकाळी पायरीवर बसते. तीन कप मांडते.
दोघं या.
मला न्या.
आजी